हवा काढायची कोणी?

जावई म्हणून सासरी बसायला मला मनापासून आवडतं. बाकीचे जावई हे कबूल करत नाहीत, मी करतो. सौंसरला सासरच्या उंबऱ्यात पाय ठेवला की पंख्याखालची जागा माझी, पहिली गरम पोळी माझी आणि शेवटचा शब्दही माझाच. पाण्याचा तांब्या उचलायला गेलो तर चार हात आडवे येतात. छिंदवाड्याला माझ्या स्वतःच्या घरात माझं कुणी ऐकत नाही, म्हणून वर्षातून तीन-चारदा मी सौंसरला जातो आणि साठलेलं सगळं बोलून येतो.

त्यात मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. बावीस वर्षं झाली. आमच्या वर्कशॉपमध्ये उभं कापलेलं एक इंजिन आहे. पाण्याच्या वाटा निळ्या, तेलाच्या लाल, डिझेलच्या पिवळ्या. छडी हातात घेऊन मी ते असं समजावतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतात. त्या इंजिनाचा मोठा गुण म्हणजे ते कधी सुरू होत नाही, त्यामुळे कधी बंदही पडत नाही. सासरी मात्र मी इंजिनांचा मोठा डॉक्टर. मिक्सर बिघडला तरी मला विचारतात. हात लावू देत नाहीत, फक्त विचारतात. याहून सुखाची नोकरी जगात नसेल.

गेल्या मे महिन्यात या सुखाची परीक्षा झाली.

माझ्या साळ्याचा बिछायतीचा धंदा आहे. म्हणजे मांडव, खुर्च्या, गाद्या, स्वयंपाकाची मोठाली पातेली म्हणजे गंज, लग्नाला लागतं ते सगळं. हे सगळं वाहून न्यायला त्याच्याकडे एक जुना ट्रक आहे. त्या दिवशी पांढुर्ण्यात लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं, दिवस मावळतानाचं. पांढुर्ण्यातलं त्याचं हे पहिलंच काम. आदल्या रात्री मांडव सौंसरमधल्या एका लग्नात उभा होता. सकाळी तो उतरवला, दुपारपर्यंत ट्रकमध्ये भरला. खड्डे खणायला चार माणसं सकाळच्या बसनं पुढं गेली होती.

साळा म्हणाला, ‘‘भाऊजी, नवरीच्या बापाले शब्द देल्ला हाय. पाच वाजता मांडव उभा. आपल्या धंद्यात एक वेळ नवरदेव उशिरा आला तं चालते, मांडव उशिरा आला तं पुढची दहा वर्षं नाव निघते.’’

मी उगाचच म्हणालो, ‘‘मी येतो ना सोबत.’’ खरं कारण सांगू? ट्रकच्या केबिनमध्ये उंच बसून गावातून जायची मला लहानपणापासून हौस आहे. मी येतो म्हटल्यावर सासरेही निघाले. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमचे मामाजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आहेत. जावई ट्रकनं जाणार आणि त्याची व्यवस्था पाहायला घरचं मोठं माणूस नाही, हे त्यांच्या हिशेबात बसेना. खिडकीची जागा पंच्यानं झटकून त्यांनी मला बसवलं आणि स्वतः मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत बसले. मी पांढरा शुभ्र कुर्ता-पायजमा घातला होता. हे लक्षात असू द्या.

जामसांवलीचा फाटा मागं टाकला आणि चढावर गाडीचा जीव गेला. आधी ओढ कमी झाली, मग दोन-तीन आचके आणि मग सामसूम. साळ्यानं खाली उतरून इंजिनाच्या कुशीतलं बटण दाबून दाबून हातानं डिझेल वर चढवलं. गाडी सुरू झाली, दोनशे पावलं गेली, पुन्हा बंद. पुन्हा बटण, पुन्हा दोनशे पावलं. तिसऱ्यांदा ती एका मोठ्या कडुलिंबाखाली थांबली ती थांबलीच.

साळा स्टिअरिंगवर डोकं टेकवून म्हणाला, ‘‘जामसांवलीचा मारुती निजलेला हाय, हे मालूम होतं. गाडीनं बी तिथंच पसरावं?’’

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. साळ्यानंही पाहिलं. आणि काय सांगू, माझ्या अंगात एकदम वर्कशॉप संचारलं!

‘‘फीड पंप गेला,’’ मी म्हणालो. ‘‘टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलणारा मुठीएवढा पंप असतो. त्याची ओढ मेली. दुरुस्त करत बसायचं नाही, बदलूनच टाकायचा. तासाभराचं काम.’’

तासाभराचं काम हे मी वर्गातही म्हणतो. वर्गात तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो.

मी बायकोला फोन लावला. ती सौंसरलाच होती. पंपाचं वर्णन सांगितलं आणि म्हटलं, ‘‘सोबत तांब्याचे वायसर नवीन घे, नळ्यांच्या जोडाला लागतात. जुने वापरले की तिथून हवा ओढते.’’

ती म्हणाली, ‘‘आणते. पण तुम्ही हात नका लावू.’’

‘‘जावयाला इथं कोण हात लावू देतं?’’

‘‘त्यासाठी नाही म्हणून राहिले मी. घरचा कूलर आठवा.’’

मी फोन ठेवला.

आता तिची स्कूटी येईपर्यंत थांबायचं होतं. मी झाडाखालच्या एका दगडावर टेकणार, तोच मामाजी ओरडले, ‘‘अरे, जावई गोट्यावर बसंल काय? लोक काय म्हणतीन!’’ रस्त्यावर लोक म्हणाल तर समोरच्या संत्र्याच्या बागेत दोन बकऱ्या होत्या. पण मामाजींनी मुलाला हुकूम सोडला. ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी, म्हणून सगळ्यात वर, नवरदेव-नवरीच्या दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. लाल मखमल, सोनेरी सिंह, डोक्याच्या मागं मोराचा पिसारा. त्यातली नवरदेवाची खाली उतरली. कडुलिंबाखाली मांडली. आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, मोराच्या पिसाऱ्याखाली बसलो.

जाणाऱ्या बसमधले लोक खिडकीतून हात जोडत होते. मी आशीर्वाद देत होतो.

तिथून, त्या सिंहासनावरून, मी जुना पंप काढवून घेतला. साळा बॉनेटखाली, मी खुर्चीत, आणि माझा आवाज थेट पांढुर्ण्यापर्यंत. ‘‘आधी भोवतालचं पुसून घे! माती आत गेली तर नवा पंपही मरेल! आता येणारी नळी सोड. आता जाणारी. कोणती कुठली ते लक्षात ठेव!’’

‘‘भाऊजी, डिझेल बाहीत चाललं!’’

‘‘जाऊ दे! डिझेलच आहे, दूध नव्हे! आता पंपाचे नट. तिरका ओढू नको, सरळ ये!’’

पंप हातात आला. साळ्यानं बटण दाबून दाखवलं. ते दाबलं की वर यायलाच तयार नव्हतं. मी बसल्या जागेवरून टाळी वाजवली. निदान बरोबर निघालं होतं! बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं निदान खऱ्या गाडीवर तपासलं गेलं होतं, आणि ते बरोबर निघालं होतं! मला उठून नाचावंसं वाटलं, पण त्या खुर्चीतून उठलं तर मोर डोक्याला लागत होता.

तेवढ्यात स्कूटी आली. बायकोनं डोक्याचा रुमाल सोडला, आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग परत माझ्याकडे.

‘‘दुसरी खुर्ची कुठं आहे? मीही बसते. एकदाचं लावून टाका आपलं.’’

‘‘पंप आणला?’’

‘‘आणला. दुकानदार म्हणे कोणता पंप, बाई? मी म्हटलं, दादा, लग्नाच्या दिवशी बंद पडते तो. त्यानं बरोबर हाच काढून देल्ला.’’

नवा पंप बसला. नवे वायसर बसले. नळ्या आपापल्या जागी गेल्या. साडेतीन वाजले होते. आता एकच काम उरलं होतं, आणि त्याच कामाला आमच्या ट्रेडमध्ये एक साधा, सरळ, घातकी शब्द आहे.

पंप उघडला की डिझेलच्या नळ्यांत हवा शिरते. हवा असेपर्यंत इंजिन सुरू होत नाही. म्हणून एकानं पंपाचं बटण दाबत राहायचं आणि दुसऱ्यानं फिल्टरवरचा बारका स्क्रू सैल करून तिथून हवा बाहेर जाऊ द्यायची. बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की स्क्रू कसायचा. याला म्हणतात हवा काढणं.

मी खुर्चीतून जाहीर केलं, ‘‘आता एकजण पंप मारेल आणि एकजण हवा काढेल!’’

मामाजी केव्हाचे हात चोळत उभे होते. जावई सांगतोय, मुलगा राबतोय, मुलगी धावून आली आणि आपण नुसते उभे. ते पुढं झाले. ‘‘हवा मी काढतो, जावईबापू.’’

‘‘काढा मामाजी! पण पूर्ण काढा हं. जरा म्हणून राहायला नको.’’

‘‘तुम्ही चिंता नका करू,’’ म्हणून ते ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेले. मला वाटलं, फिल्टर तिकडून हाताशी येत असेल. साळ्यानं बटण मारायला सुरुवात केली. खटक, खटक, खटक. आणि पलीकडून आवाज आला.

सूंऽऽऽऽ!

‘‘ऐका!’’ मी खुर्चीत अर्धा उभा राहिलो. ‘‘ऐकलं? हवा निघून राहिली! बाप रे, किती हवा! म्हणूनच गाडी बंद पडत होती! येऊ द्या मामाजी, येऊ द्या!’’

सूंऽऽऽऽ!

‘‘शाब्बास! थांबू नका!’’

आता हे मला लिहायलाच हवं. डिझेलच्या नळीतली हवा फुसफुसते. बुडबुडे येतात, फेस येतो. ती शिट्टी मारत नाही. हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहून देत आलो आहे, परीक्षेत विचारलंही आहे. पण त्या क्षणी माझ्या मागं मोराचा पिसारा होता आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

साळा म्हणाला, ‘‘भाऊजी, इकडं स्क्रूतून तं काहीच नाही निघून राहिलं. तो कसलेलाच दिसते.’’

माझ्या बायकोनं तेवढ्यात वाकून तो स्क्रू स्वतःच सैल केला. मला न विचारता. पांढरा फेस आला, बुडबुडे आले, मग स्वच्छ डिझेलची धार लागली. तिनं स्क्रू कसला आणि हात आपल्या रुमालाला पुसले. साळ्यानं केबिनमध्ये उडी मारली, चावी फिरवली. एक खोकला, दुसरा खोकला, काळा धूर, आणि इंजिन असं गर्जलं की बागेतल्या बकऱ्या कुंपण ओलांडून पळाल्या!

मी दोन्ही हात वर केले. साळा आतून हॉर्न वाजवत होता. तो केबिनमधून ओरडला, ‘‘भाऊजी, तुमचे पाय धुवून पाणी पितो!’’ माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण तो. साधारण अर्धा मिनिट टिकला.

‘‘अहो,’’ बायको म्हणाली, ‘‘गाडी अशी तिरपी काऊन दिसून राहिली?’’

गाडी पलीकडं झुकली होती. लाजून मान कलती करावी तशी. आणि मागून मामाजी आले. घामानं डबडबलेले, चेहऱ्यावर कर्तव्याचं समाधान. तळहातावर चाकांच्या तोंडांची दोन इवलाली टोपणं.

‘‘दोन चाकांची पूर्ण काढली, जावईबापू. समोरच्या एकाची आणि मागच्या बाहेरच्या एकाची. बाकीच्यांची बी काढू काय?’’

इंजिन तेवढं धडधडत होतं.

साळा खाली उतरला. चाकांकडे पाहिलं. ‘‘बाबा! चाकातली हवा काढली तुमी?’’

‘‘मंग? हवा अजून कुठं राहते?’’

‘‘अहो पण कायले काढली?’’

‘‘जावईबापू म्हणाले, काढा. पूर्ण काढा म्हणाले. मधात म्हणाले, थांबू नका.’’ ते माझ्याकडे वळले. आवाज खाली आला. ‘‘मले वाटलं, चढ हाय, गाडी जड झाली, थोडं वजन कमी करून राहिले तुमी. हवेले वजन असते, हे मीच शिकवलं ना चाळीस वर्षं पोराईले.’’

‘‘बाबा, विचारायचं तं असते!’’

मामाजी ताठ झाले. ‘‘जावयाले उलट विचारत असते काय?’’

बायको मला म्हणाली, ‘‘घ्या. उलट न विचारणारं एकच माणूस मिळालं तुम्हाले जन्मात.’’

साळा रस्त्याच्या कडेला बसला. घड्याळाकडे पाहिलं. चार वाजले होते. ‘‘स्टेपनी एक हाय. चाकं दोन बसले. नवरी मुहूर्ताले उभी राहीन, अन् मांडव इथं रस्त्यावर.’’ आवाज असा होता की मला ती मखमल टोचायला लागली.

आणि तेव्हा मला ते आठवलं! या जुन्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन सुरू असलं की ते आपोआप एका टाकीत हवा दाबून भरत राहतं. त्या टाकीला नळी लावली की ट्रक स्वतःच स्वतःची चाकं फुगवू शकतो. फक्त इंजिन सुरू राहिलं पाहिजे. आणि आमचं इंजिन, देवाच्या दयेनं आणि माझ्या बायकोच्या हातानं, सुरू होतं!

‘‘हवा भरायची नळी आहे का हत्यारांच्या पेटीत?’’ मी ओरडलो.

‘‘असंल. कधी काढली नाही.’’

‘‘तू ॲक्सिलेटरवर पाय ठेव. काढू नको. पंप नवा आहे, भरवसा नाही.’’

टाकी ट्रकच्या पोटाखाली होती. कुणीतरी उताणं होऊन आत सरकायला हवं होतं. साळ्याचा पाय ॲक्सिलेटरवर. मामाजी धोतर खोचून गुडघ्यावर बसायला लागले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. मी खुर्ची सोडली.

‘‘नाही, जावईबापू! नाही!’’ त्यांनी माझा कुर्ता धरला. ‘‘मले पाप नका लावू. तुमचे हात काळे झाले तं मी घरी काय तोंड दाखवू?’’

‘‘मामाजी, सोडा. नाहीतर नवरीच्या बापाला तोंड दाखवावं लागेल.’’

त्यांनी सोडला. मी आत सरकलो. काय मजा आली म्हणून सांगू! पाठीखाली तापलेली माती, नाकात ग्रीस, वर इंजिनाची धडधड, आणि हातात खरीखुरी नळी, पिवळा रंग न दिलेली. जोड सापडेना. सापडला तर आटे धरेनात. एकदा नळी सुटून हवेचा फटका थेट तोंडावर बसला आणि माझ्या मिशीत बावीस वर्षांचं ज्ञान शिरलं. बाहेरून बायको विचारत होती, ‘‘जिवंत आहा ना?’’ शेवटी नळी बसली. चाकं हळूहळू वर आली. पुढचं भरायला वीस मिनिटं, मागचं तितकीच. मामाजी प्रत्येक चाकाशेजारी उभे राहून दाबून पाहत होते, जणू त्यांनीच काढलेली हवा बरोबर तेवढीच परत येते की नाही, हे मोजत होते.

पाचला निघालो. बायको स्कूटीवरून पुढं, आम्ही मागं. ट्रक त्या चढावर असा चढला की साळा गाणं म्हणायला लागला. पांढुर्ण्यात शिरलो तेव्हा सहा वाजायला आले होते. लग्नघरासमोरच्या मैदानात खड्डे तयार होते आणि सगळं गाव उघड्यावर बसलं होतं. नवरीचा बाप वाट पाहून पाहून इतका थकला होता की त्याला रागावायलाही जमेना. तो नुसता म्हणाला, ‘‘आले बापा!’’ आणि डोळे पुसले.

मग जे झालं ते पाहायला हवं होतं. मांडवाची चार माणसं, साळा, नवरीचे काका, सगळे तुटून पडले. लोखंडी पाइप, दोऱ्या, कापडाचे तागे. मीही पाइप उचलला. कुणी आडवं आलं नाही. कसं येणार? कुर्ता काळा, तोंड काळं, केसांत ग्रीस. नवरीच्या बापानं माझ्या खांद्यावर थाप मारली, ‘‘अबे, तिथं काय उभा हायस? कोपऱ्यातला पाइप धर! सरळ धर!’’ वीस वर्षांत सासरच्या मुलखात मला कुणी अबे म्हटलं नव्हतं. मी आनंदानं धावलो.

मैदानाच्या त्या टोकाहून मामाजी किंचाळले, ‘‘अहो, ते माये जावई हायेत!’’

‘‘मामाजी, ओरडू नका,’’ मी म्हणालो, ‘‘पाइप हलतो.’’

वरात चौकात आली तेव्हा डोक्यावर कापड चढलं होतं. तीन कोपरे पक्के झाले. चौथ्या कोपऱ्यात, माझ्या खड्ड्यात, माती ठोकायची राहिली होती, पण सूर्य थांबेना आणि भटजीही थांबेनात. नवरी बाहेर आली. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी दोन्ही हातांनी पाइप छातीशी धरून उभा. वाऱ्यानं कापड फुगलं की सगळा मांडव माझ्या खांद्यावर यायचा. एक हात सोडून अक्षता टाकाव्या म्हटलं तर नवरीवर काय काय पडलं असतं कोण जाणे. टाकणाऱ्यांच्या निम्म्या अक्षता माझ्याच केसांत अडकत होत्या.

तेवढ्यात मांडवाचा एक माणूस घण घेऊन धावत आला. ‘‘सोडा जी आता, मी ठोकून घेतो.’’

‘‘थांब बे,’’ मी म्हणालो. ‘‘दोन मंगलाष्टकं राहिली आहेत. तोपर्यंत हा कोपरा माझा.’’